पहिली गाडी, मागची चाकं आणि विम्याचा आकडा

द्राक्षबाग

वय २४, गाव निफाड, सध्या मुक्काम इंग्लंडातलं लेस्टर. अठराव्या वर्षापासून गाडी चालवतोय. पण भारतीय लायसन्स इथे बारा महिनेच चालतं आणि नुसतं बदलूनही मिळत नाही. त्यामुळे प्रोव्हिजनलपासून, म्हणजे शिकाऊ लायसन्सपासून, श्रीगणेशा करून फेब्रुवारीत टेस्ट पास झालो. विमा कंपनीच्या लेखी मी कालचं पोर. कसारा घाटातले सहा पावसाळे कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

गाडीला ५,००० पौंड, विम्याला वर्षाचे फार तर १,२००. आणि एक हट्ट: मागच्या चाकांवर चालणारी हवी. मामांच्या ओम्नीवर शिकलो, मागे द्राक्षांचे क्रेट आणि पुढे मी. क्लच सोडला की मागून कुणी ढकलल्यासारखी निघायची आणि स्टिअरिंग हातात शांत असायचं. इथली क्लासची गाडी पुढच्या चाकांची. चढावर जरा जोरात निघालं की स्टिअरिंग वळवळायचं. तेव्हापासून डोक्यात बसलंय.

रविवारी एका बैठकीत, एकाच पत्त्यावर चार कोटेशनं काढली. २००८ ची माझदा एमएक्स-५, १.८ लिटर: १,७४०. २०१२ ची बीएमडब्ल्यू ११६आय: १,६९०. २०१६ ची रेनो ट्विंगो, १ लिटर: १,०६०. आणि रूममेटच्या आग्रहाखातर २०१२ ची फिएस्टा, १.२५: १,२१०. आता ट्विंगोचं इंजिन मागे आणि चालतातही मागचीच चाकं. मग रूममेट म्हणतो तसं 'रिअर व्हील मागतोस म्हणून विमा महाग' हे खरं कसं?

रेडिंगची_काकू

खरं असो नसो, हट्ट सोड. आमच्याकडे जुनी बीएमडब्ल्यू थ्री सिरीज होती, मागच्या चाकांची. लेकाने पहिल्याच हिवाळ्यात राउंडअबाउटवर फिरवली. रविवार सकाळ, रस्ता रिकामा, म्हणून चाक वाकण्यावर निभावलं. घाटात शिकलास याचं कौतुक आहे, पण घाटात पाऊस असतो. इथे डांबरावर बर्फाचा न दिसणारा पापुद्रा असतो, तो कसाऱ्यात कुणी शिकवत नाही. टोयोटाची छोटी यारिस घे, पुढच्या चाकांची, आणि सुखाने नोकरी कर.

ग्रीसगन

काकू, गाडी मागच्या चाकांमुळे फिरली की मागच्या टायरमुळे? गॅरेजमध्ये येणाऱ्या जुन्या बीएमडब्ल्यूंपैकी निम्म्यांचे मागचे टायर आतल्या कडेने गुळगुळीत झालेले असतात आणि मालक बाहेरून बघून 'नक्षी आहे की' म्हणतो. कायद्याने १.६ मिलिमीटर लागते, नाहीतर दर टायरमागे लायसन्सवर ३ दंडाचे पॉइंट आणि २,५०० पौंडांपर्यंत दंड. घसरायचं ते मागूनच घसरणार मग.

आता मूळ प्रश्न. ब्रिटनमध्ये गाड्यांचे १ ते ५० असे विमा गट वर्षानुवर्षं चालत आले, १ सगळ्यात स्वस्त. गट ठरताना बघतात ते गाडीची किंमत, सुटे भाग किती महाग, ठोकली तर दुरुस्तीला किती तास लागतील, वेग किती, चोरीपासून सुरक्षा कशी. कोणती चाकं फिरतात याचा वेगळा रकाना नाही. घोळ असा की मागच्या चाकांच्या बहुतेक गाड्या एकतर स्पोर्ट्स नाहीतर महागड्या सेदान असतात, म्हणून सरसकट महाग वाटतात. ट्विंगो त्या घरातली नाही. ७० हॉर्सपॉवर, छोटी, स्वस्त, त्यामुळे गट अगदी तळाचा.

फिएस्टाचं गणितही तेच. गट खालचाच, पण नव्या पोरांनी सगळ्यात जास्त घेतलेल्या गाड्यांपैकी ती एक, आणि सगळ्यात जास्त ठोकलेल्यांपैकीही. तू गाडी घेतोस तेव्हा ती आधी घेतलेल्यांचं पापही थोडं तुझ्या माथी येतं.

डांबरसम्राट

ग्रीसगनदादा बाकी सगळं बरोबर, पण ट्विंगोला रिअर व्हीलची गाडी म्हणणं म्हणजे अतीच झालं. मागच्या चाकांवर तर आपली रिक्षासुद्धा चालते! ट्विंगोत ईएससी, म्हणजे गाडी घसरू न देणारी यंत्रणा, बंदच करता येत नाही, शून्य ते साठ मैलाला १४ सेकंदांच्या वर लागतात. मागची चाकं चालतात हे पोराला कळणार कधी, पुस्तकात वाचून?

मी २३ व्या वर्षी जुनी एमएक्स-५ घेतली. विमा डोळे पांढरे करणारा होता, ते खोटं नाही. पण १९८९ पासून ती गाडी लोक याच एका कारणासाठी घेताहेत. जेमतेम टनभर वजन, आणि तीस मैलाच्या वेगातही वळणावर मागचं चाक काय करतंय ते कमरेला कळतं. त्याच्या १,२०० च्या वर ५४० पौंड जास्त जातात ना? महिन्याला ४५. तेवढ्याचं तर तो बाहेर जेवत असेल.

रेडिंगची_काकू

नोकरी लागून वर्ष न झालेल्या मुलाचं बाहेरचं जेवण तू मोजू नकोस.

ग्रीसगन

सम्राट, विम्याचे ५४० सांगितलेस, गंजाचं नाही सांगितलंस. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. जुन्या एमएक्स-५ ची मागची कमान आणि दाराखालची पट्टी आधी जाते. वरून रंग छान, आत स्क्रूड्रायव्हर टेकवला की बोट आत. वेल्डिंगचं बिल आलं की वर्षभराचा विमा त्यात निघतो.

११६आय मला स्वतःला आवडते. ती बीएमडब्ल्यूच्या वन सिरीजमधली. २०१९ मध्ये वन सिरीज पुढच्या चाकांवर गेली, त्याआधीची मागची. २०१२ ची म्हणजे १.६ टर्बो, १३६ हॉर्सपॉवर, माणसात बसणारी हॅचबॅक. डिझेल मात्र बघूच नकोस. त्या काळातल्या दोन लिटर डिझेलची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनातली साखळी, इंजिनच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला. खडखड ऐकू यायला लागली की काम निघालं, आणि तिथे पोचायलाच अर्धी गाडी उतरवावी लागते.

कोथरूडकर_नॅनोवाले

मी पुण्यातून वाचतोय, मधेच बोलतो. आमच्याकडे नॅनो होती. ६२४ सीसी, इंजिन मागे, चाकं मागची. चांदणी चौकातल्या चढावर चार माणसं बसवून कधी कुरकुरली नाही, कारण वजन चालणाऱ्या चाकांवरच. त्या मागच्या इंजिनाला हसणारे आमच्या सोसायटीतही होते.

पण मला नवल विम्याचं वाटतं. आपल्याकडे थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या सक्तीच्या विम्याचा, दर सरकार ठरवतं आणि तो इंजिनावर. हजार सीसीपर्यंत २,०९४ रुपये, पंधराशेपर्यंत ३,४१६, त्यावर ७,८९७. चालवणारा अठराचा की अठ्ठ्याहत्तरचा, कुणी विचारत नाही. तिकडे अख्खा विमा माणसाच्या कुंडलीवर.

द्राक्षबाग

काका, कुंडलीच! पत्ता, नोकरी, गाडी रात्री कुठे उभी राहते, सगळं विचारतात. नाशिकचा सहा वर्षांचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची सूट) दाखवला, तर विचारलं तिथल्या प्रत्येक कंपनीने 'इथला नाही' म्हणून बाजूला ठेवला. आणि जो आकडा येतो त्यातच १२ टक्के विमा कर.

एक विचारायचं होतं. ताई इथेच राहते, वय ३६, दहा वर्षांचं इथलं लायसन्स. ऑफिसातला एक जण म्हणाला तिला मुख्य चालक दाखव आणि स्वतःला दुसरा. आकडा निम्म्यावर येतो.

पोलादी_पोहे

घेऊन टाक की. सगळे करतात.

ग्रीसगन

सगळे करत नाहीत, आणि करतात त्यांना अपघात होईपर्यंत काही होत नाही. याला इथे फ्रंटिंग म्हणतात आणि ती सरळ फसवणूक आहे. पहिला क्लेम आला की कंपनी विचारते, गाडी रोज ऑफिसात कोण नेतं. पॉलिसी रद्द झाली आणि तू बिनविम्याचा ठरलास तर कमीत कमी ६ पॉइंट. पास झाल्यापासून दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्सच जातं, पुन्हा प्रोव्हिजनल, पुन्हा दोन्ही टेस्ट. शिवाय ताईच्या नावावर डाग, तो वेगळा.

ताई खरंच अधूनमधून चालवणार असेल तर तू मुख्य आणि ती दुसरी असं टाक. अनुभवी माणूस जोडल्याने आकडा पुष्कळदा उतरतो, आणि ते सरळ आहे.

रेडिंगची_काकू

इथे ग्रीसगनशी शंभर टक्के सहमत. पोहेवाले, तुमच्या 'सगळे करतात' पायी एखादं पोर अडकेल.

विमा कंपनी गाडीत बसवते तो ब्लॅक बॉक्स का घेत नाही पण? वेग, ब्रेक, वळणं, वेळ सगळं नोंदतं. आमच्या लेकाचा हप्ता दुसऱ्या वर्षी बराच उतरला आणि गाडीही माणसासारखी चालवायला लागला.

पोलादी_पोहे

ब्लॅक बॉक्सवाल्यांना माझा नमस्कार. मी केअर होममध्ये रात्रपाळी करतो. पहाटे तीनला सुटून निम्म्या वेगाने घरी यायचो, तरी 'रात्रीचं वाहन चालवणं' म्हणून गुण कापायचे. एकदा कोल्हा आडवा आला, जोरात ब्रेक मारला, त्याचेही कापले. कोल्हा वाचला हे कुठे लिहायचं, तर जागा नाही. कंपनीचं नाव घेत नाही, आता संबंध संपलाय. दिवसा नोकरी असेल तर घे, रात्रपाळी असेल तर अटी नीट वाच.

डांबरसम्राट

आणि डब्याला घाबरून चालवायची असेल तर मग मागची चाकं कशाला हवीत, यारिसच घे.

द्राक्षबाग

शनिवारी नॉटिंगहॅमला ट्विंगो बघून आलो. रिपोर्ट देतो.

पुढचं बॉनेट उघडत नाही, पुढे सरकतं आणि पट्ट्यांवर लोंबकळतं. आत वायपरचं पाणी, कूलंट, ब्रेक ऑइल, बस. इंजिन बघायचं तर डिकीतलं सामान बाहेर, सतरंजी वर, मग पेचांनी बसवलेलं झाकण. मालकीणबाईंना ते झाकण माहीतच नव्हतं, म्हणजे मधल्या काळात ऑइल कुणी पाहिलंय देव जाणे. सर्व्हिसचे शिक्के मात्र दर वर्षीचे आहेत.

ग्रीसगनदादांमुळे वाकून टायर बघितले. या गाडीला पुढे १६५ आणि मागे १८५ रुंदीचे हवेत. मागे एका बाजूला १८५ आणि दुसऱ्या बाजूला १६५ होता! कुणीतरी स्वस्तात पुढचा टायर मागे चढवलेला. हे दाखवून किंमत २५० ने उतरवली, ३,९०० वर आलीय.

चालवल्यावर म्हणाल तर, सम्राट, तुमचं थोडं बरोबर आहे. घसरत बिसरत काही नाही. पण सुपरमार्केटच्या कोपऱ्यात एका दमात उलटी फिरवली, इतकी आखूड वळते. पुढे इंजिन नाही ना, चाकांना फिरायला जागाच जागा. आणि सिग्नलला निघताना स्टिअरिंग तेच, ओम्नीसारखं शांत.

डांबरसम्राट

पार्किंगमध्ये वळते म्हणून आनंद! चल, तुझं लग्न तू ठरव. दोन वर्षांनी नो क्लेम जमला की माझ्या एमएक्स-५ मध्ये बसायला ये, मग बोलू.

ग्रीसगन

घे, पण आधी एकाच कंपनीचे दोन १८५ मागे टाकून घे, आणि विक्रेत्याकडून नको, स्वतः टाक. ऑइल पहिल्या आठवड्यात बदल. पॉलिसी घ्यायची तारीख ठरली की तीन आठवडे आधी कोटेशन काढ, आदल्या दिवशी काढलंस तर तोच माणूस, तीच गाडी, आकडा जास्त. पैसे एकरकमी भरता आले तर भर, मासिकावर व्याज लावतात.

कोथरूडकर_नॅनोवाले

आणि डिकी गरम होते, आमची नॅनोही व्हायची. श्रीखंडाचा डबा मागे ठेवू नकोस, मांडीवर घे.

रेडिंगची_काकू

७० हॉर्सपॉवर आहे ना फक्त? मग घे बाबा. ताईला शेजारी बसवून एकदा पावसात चालव, आणि मग ऑफिसला ने.