अनुभव धागा: जंगलात रात्र पडली तेव्हा पाठीवर काय होतं?

हा धागा काढायला कारण झाली एक ओली काड्यापेटी.

मागच्या डिसेंबरात आम्ही तिघे वाई तालुक्यातल्या जोरच्या खोऱ्यात उतरताना वाट चुकलो. माझ्या सॅकचं वजन 14 किलो, घरून काट्यावर मोजून निघालेलो. त्यात घडीची खुर्ची होती, दोन पॉवर बँका होत्या, टोमॅटो सॉसची बाटलीसुद्धा होती. पेटवायला मात्र एकच काड्यापेटी, तीही शर्टाच्या वरच्या खिशात. दिवसभराच्या घामानं तिचा लगदा झाला होता. काडी ओढली की गूल पेटीलाच चिकटून राहायचं. सोबत आलेल्या गावातल्या दादाकडे तीनच वस्तू: कमरेला कोयता, खांद्यावर घोंगडं, आणि सदऱ्याच्या आत प्लॅस्टिकच्या पुडीत गुंडाळलेला लायटर. एका पडक्या गोठ्यापाशी आम्ही रात्र काढली ती त्याच्या सामानावर. माझी खुर्ची त्यानं आवर्जून वापरली, हे नमूद करतो.

तर मंडळी, याद्या नकोत. नेटवर त्या ढिगानं आहेत. कापायला, पेटवायला, पांघरायला, पाणी ठेवायला आणि बांधायला तुमच्याकडे प्रत्यक्षात काय होतं आणि त्यातलं काय उपयोगी पडलं, ते लिहा. एकच सांगणं: कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. तिथं मुक्काम आणि जाळ करायची कल्पनाही नको. वासोट्याला बामणोलीहून लाँचनं जायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं. इथले अनुभव त्या हद्दीबाहेरचे, किंवा रीतसर कामावर असलेल्यांचे.

पाटण तालुका, निवृत्त शिक्षक

घोंगड्याचं कौतुक वाचलं. माझं मत थोडं वेगळं आहे. थंडीत घोंगड्यासारखं दुसरं काही नाही. लोकर ओली झाली तरी ऊब धरते. सुती चादर भिजली की अंगातली होती ती ऊबही ओढून घेते. पण आषाढात पाटणच्या डोंगरात चार तास भिजलेलं घोंगडं खांद्यावर घेऊन कुणी चढून बघावं! मी चढलोय, 1980 च्या सुमारास, शाळेवर रुजू व्हायला जाताना. मान आठवडाभर वळत नव्हती.

पावसाळ्यात मी आता जाड प्लॅस्टिकचा कागद नेतो, साधारण 6 बाय 9 फुटांचा, शेतकरी ज्याची खोळ करून घेतात तोच. चालताना अंगावर, बसल्यावर डोक्यावर, एकाच वस्तूची दोन कामं. घोंगडं असेल तर ते कागदाच्या आत. जळवांसाठी तंबाखूचं पाणी मारलेले लांब मोजे. मीठ नेलं होतं, पण पहिल्या तासातच त्याचं पाणी झालं.

आटपाडी, मेंढपाळ कुटुंबातली मुलगी, सध्या सांगलीत नोकरी

आमच्या आज्जाचं सामान सांगते. काठी, घोंगडं, कुऱ्हाड, पितळी तांब्या आणि कनवटीला चकमकीची पिशवी. पिशवीत पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि बांबूच्या नळीत जरा जाळून काळा केलेला कापूस. ठिणगी त्या काळ्या कापसात पडली की विझत नाही, वारा आला तर उलट फुलते. पांढऱ्या कापसावर ती धरत नाही. हे मी लहानपणी करून बघितलंय आणि मारही खाल्लाय.

सर म्हणतात ते घोंगड्याचं ओझं खरं आहे. पण नवं घोंगडं वेगळं आणि जुनं वेगळं. नव्याला चिंचोक्याची खळ असते, ते ताठ असतं, बराच वेळ पाणी वरच्यावर ओघळून जातं. धुऊन धुऊन मऊ झालेलं पाणी पितं. बाजारात हात लावून मऊसूत बघून घेता आणि मग रानात भिजता.

बाकी मिनिमल गिअर म्हणून लोक हजारो रुपये मोजतात ते बघून हसू येतं. आमच्या घोड्यावर अख्खं बिऱ्हाड असायचं: वाघर म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, भांडी, कोंबड्या, वर लेकरू. ते मिनिमलच होतं की, फक्त माणसं बारा होती.

शिराळा, वनखात्याकडे रोजंदारीवर

गस्तीला जातो तेव्हा जाळ नसतो, त्यामुळं पेटवायचं सामान बाद. संरक्षण कुटीपर्यंत पोचलो तर छप्पर मिळतं, पण गवा वाटेत बसला तर थांबावं लागतं. त्याला हुसकायला जायचं नाही, तो उठेल तेव्हा आपण जायचं. एकदा दोन तास दगडावर बसून काढले. तेव्हापासून टॉर्च कधी विसरलो नाही. डोक्याला लावायची टॉर्च घ्या, हात मोकळे राहतात, आणि सेल उलटा घालून ठेवा म्हणजे पिशवीत आपोआप पेटत नाही.

झोपण्याबद्दल सांगतो, कारण आमचं गाव नागपंचमीमुळं ओळखलं जातं. रानात नागाचं भय कमी, मण्यारचं जास्त. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि पुष्कळदा दुखतही नाही, त्यामुळं माणूस परत झोपतो. म्हणून वजन कुठं वाढवायचं असेल तर मच्छरदाणीवर वाढवा. कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी दाबून घ्या. बूट सकाळी उलटे करून आपटा, हात घालून बघू नका. चावलंच तर दोरी आवळणं, काप देणं, मंत्र यात वेळ घालवू नका, चावलेला अवयव हलू न देता सरळ सरकारी दवाखाना. लस तिथंच.

मूळचा इस्लामपूरचा, सध्या दक्षिण स्वीडन

माझं जंगल वेगळं, म्हणून भीत भीत लिहितोय. इथं ओक, बीच, स्प्रूस आणि भूर्ज ही झाडं. हो, आपल्या भूर्जपत्राच्या नात्यातलंच झाड. त्याची पांढरी साल तेलकट असते, पावसात भिजलेली असली तरी काडीला धरते आणि काळा धूर सोडत जळते. इथं कुणाच्याही रानात घरांपासून लांब एखादी रात्र तंबू ठोकायचा हक्क आहे, त्याला अलेमन्सरेटन म्हणतात. पण उभ्या झाडाची साल किंवा फांदी काढायला बंदी. पडलेल्या झाडाचीच घ्यायची. कोरड्या उन्हाळ्यात आगबंदी लागली की जाळच नाही.

पहिल्या सप्टेंबरात मी फाजील आत्मविश्वासानं गेलो. साताऱ्याची थंडी पाहिलेला माणूस! भारी स्लीपिंग बॅग घेतली आणि खालची चटई वजन वाचवायला घरी ठेवली. पहाटे तापमान 3 अंशांवर आलं. बॅगचा पाठीखालचा भाग माझ्याच वजनानं चपटा झालेला, त्यात हवा उरली नव्हती, आणि जमीन अंगातली ऊब शोषत होती. दात इतके वाजत होते की चाकू म्यानातून निघेना. आता आधी चटई भरतो, मग बाकी सगळं. चाकू म्हणाल तर इथला साधा, न मिटणारा मोरा. कुऱ्हाड एक वर्ष वाहिली, मग तिच्या जागी घडीची करवत आली. ती हलकी, आणि थकलेल्या हातानं चालवताना पायावर बसायची भीती नाही.

एक फरक मात्र जाणवतो. इथं पावलोपावली तळी आहेत, एक लिटरची बाटली पुरते. आपल्याकडे मार्चनंतर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळ पठारावर, पाणी हेच सगळ्यात जड सामान.

धागाकर्ता

पाण्यावरून आठवलं. बाटली एकपदरी स्टीलची घ्या, म्हणजे तीच जाळावर ठेवून पाणी उकळता येतं. खळाळून एक मिनिट उकळलं की पुरे. दुहेरी भिंतीची, गरम ठेवणारी बाटली चुकूनही जाळावर ठेवू नका, फुटते. आणि लायटरसोबत सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चार पट्ट्या ठेवा. भिजल्या तरी जळतात. वास घाण येतो.

सांगली

सगळं मान्य, पण भडंग कुणी लिहिलंच नाही? एका रात्रीत उपाशी कुणी मरत नाही हे मलाही कळतं. तरी एक पुडा भडंग आणि मूठभर बेदाणे यांचं वजन मी मोजत नाही, मोजणारही नाही.

मेढा, जावळी

मी डोंगरात अडकलेली वगैरे नाही. नवऱ्याला आणि मुलाला हे सगळं वाचून ऊत आला होता, म्हणून म्हटलं आधी आपल्याच रानात झोपून बघू. घरापासून दोन वावरं पलीकडे, जानेवारीत. विळा, लायटर, प्लॅस्टिकचा कागद, तांब्या आणि बैलाचा जुना कासरा. कासरा दोन झाडांना ताणून वर कागद टाकला. आडोसा छान झाला, गाठी मीच मारल्या, कारण त्या दोघांना सुटी गाठ येत नव्हती. रात्री दोनला तिघेही घरात. थंडी वरून नाही, खालून आली, त्या स्वीडनच्या दादांसारखंच.

पुढच्या शनिवारी परत गेलो. सामान तेच, पण दोन रिकामी पोती नेली आणि तिथंच गंजीतला पेंढा गच्च भरून वीतभर जाड गादी केली. पोत्यांचं वजन काहीच नाही. सकाळी धारेची वेळ टळली, म्हैस ओरडायला लागली, आणि सासूबाई हातात काठी घेऊन बांधावर आल्या तेव्हा आम्हाला जाग आली.