संघ शहर सोडून जाईल या धाकाने करदात्यांनी स्टेडियम बांधून द्यायचं का? करारात नेमकं काय बघावं?

गंगाघाट_४२२ (प्रश्न)

अमेरिकन फुटबॉलमध्ये मालक शहराला सांगतो की नवीन स्टेडियम द्या, नाहीतर संघ दुसरीकडे नेतो. शहरं कोट्यवधी डॉलर देतात, आणि कधीकधी पैसे घेऊनही संघ जातो. हा धाक इतका चालतो कसा? संघ गेल्यावर कर्ज कोण फेडतं?

विचारण्याचं कारण इथलं आहे. आमच्या फुटबॉल ग्रुपमध्ये वाद चालू आहे. उद्या एखादा व्यावसायिक क्लब नाशिकला यायला तयार झाला आणि त्याने मनपाकडे जागा व बांधकामाचा खर्च मागितला, तर द्यावा का? अर्धे म्हणतात द्यावा, कारण मोठा सामना बघायला मुंबई गाठावी लागते. उरलेले म्हणतात आधी रस्ते आणि पाणी. मला दोन्ही बाजूंची घोषणाबाजी नको. आकडे आणि करारातल्या अटी कळल्या तर बरं.

रोखे_आणि_व्याज

धाक चालतो कारण संघ मोजके आहेत. एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगमध्ये संघ ३२ च. नवीन संघ कधी आणि कुठे द्यायचा हे मालकच ठरवतात आणि स्थलांतराला ३२ पैकी २४ मतं लागतात. त्यामुळे संघ हवा असलेलं एखादं मोठं शहर कायम रिकामं राहतं. १९९५ ते २०१५ या काळात लॉस एंजेलिससारख्या महानगरात एकही एनएफएल संघ नव्हता, आणि तेवढी वर्षं इतर शहरांशी बोलताना मालकांना तेच नाव पुढे करता आलं.

मालकाला स्टेडियमच का हवं असतं, तेही बघा. टीव्हीचा पैसा सगळ्या संघांत सारखा वाटला जातो. खासगी बॉक्स, पार्किंग, स्टेडियमच्या नावाचे हक्क यांचा पैसा मात्र बहुतांशी ज्याचा त्याच्याकडे राहतो. शेजारच्या मालकापेक्षा जास्त कमवायचं तर नवीन इमारत लागते, आणि ती दुसऱ्याच्या पैशात उभी राहिली तर सगळी वरकड याच्या खिशात.

कर्जाचं उत्तर सेंट लुईसमध्ये मिळतं. १९९५ मध्ये रॅम्स संघ तिथे आणण्यासाठी रोखे काढून घुमट असलेलं स्टेडियम बांधलं. फेडीसाठी राज्याने वर्षाला १.२ कोटी डॉलर, शहराने ६० लाख आणि काउंटीने (तिथला जिल्हा) ६० लाख द्यायचे ठरलं. करार ३० वर्षांचा, पण त्यात एक अट होती: २००५ आणि २०१५ मध्ये हे स्टेडियम लीगमधल्या वरच्या एक चतुर्थांशात बसलं पाहिजे, नाहीतर संघ मोकळा. दहा वर्षांत बाकीचे लोक नवी स्टेडियमं बांधणार हे उघड होतं. २०१३ मध्ये लवादाने संघाच्या बाजूने कौल दिला. दर्जा राखायला सुमारे ७० कोटी डॉलर लागणार होते. ते कोणी दिले नाहीत आणि २०१६ मध्ये संघ लॉस एंजेलिसला गेला. रोख्यांचे हप्ते त्यानंतरही काही वर्षं चालू होते. शहराने लीगवर खटला भरला आणि २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलरवर तडजोड झाली. तो पैसा मिळाला याचं कारण लीगचे स्वतःचेच स्थलांतराचे नियम कागदावर होते आणि ते पाळले नव्हते. अशी कागदी पकड सगळ्यांकडे नसते.

ओकलंडचंही तसंच. रेडर्स १९८२ मध्ये गेले, १९९५ मध्ये परत आले, त्यांच्यासाठी शहर आणि काउंटीने कर्ज काढून जुनं स्टेडियम वाढवलं. २०२० मध्ये संघ लास व्हेगासला गेला तेव्हाही ते कर्ज पूर्ण फिटलेलं नव्हतं. नेवाडाने (लास व्हेगासचं राज्य) त्यांना ७५ कोटी डॉलर दिले, हॉटेलच्या खोल्यांवरचा कर वाढवून. पर्यटकच भरणार, असा युक्तिवाद होता. २०२० मध्ये साथीने हॉटेलं ओस पडली आणि हप्त्यासाठी राखीव निधीला हात लावावा लागला. कर कोणावर बसवला हे महत्त्वाचं, पण तो आटला तर पुढची जबाबदारी कोणाची हे त्याहून महत्त्वाचं.

अजून एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. १९८६ च्या अमेरिकन करसुधारणेने करमुक्त रोख्यांवर बंधन घातलं: स्टेडियम खासगी संघ वापरत असेल, तर फेडीतला १० टक्क्यांहून जास्त वाटा स्टेडियमच्या उत्पन्नातून येता कामा नये. हेतू असा की शहरांनी अशी बांधकामं करूच नयेत. झालं उलटं. स्वस्त व्याज मिळावं म्हणून शहरं संघाकडून भाडं कमी घेऊ लागली आणि ९० टक्के भार सर्वसाधारण करांवर टाकू लागली.

डावा_विंगर

वरचं सगळं मान्य, पण सगळीच शहरं फसली असं चित्र नको. ग्रीन बे हे लाखभर वस्तीचं गाव. तिथला पॅकर्स संघ ना-नफा संस्था आहे, शेअर सामान्य लोकांकडे आहेत आणि त्यांवर लाभांश मिळत नाही. २००० साली काउंटीने मतदान घेऊन अर्धा टक्का विक्रीकर लावला, स्टेडियमची दुरुस्ती झाली आणि २०१५ मध्ये कर बंदही झाला. संघ पळून जाण्याचा प्रश्नच नाही, कारण पळवणारा एकटा मालक नाही.

मिनेसोटातही २०१२ च्या कायद्याने राज्याने ३४.८ कोटी आणि शहराने १५ कोटी डॉलर दिले. राज्याचा वाटा जुगाराच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवरच्या करातून येणार होता. सुरुवातीला वसुली अंदाजाच्या जवळपासही नव्हती, दुसरे कर जोडावे लागले. नंतर तीच वसुली इतकी वाढली की २०२३ मध्ये कर्ज मुदतीआधी फिटलं.

आणि शहराला खेळाची जागा लागतेच. प्रत्येक मैदानाचा जमाखर्च मांडायला गेलो तर एकही मैदान उरणार नाही.

रोखे_आणि_व्याज

मैदान आणि व्यावसायिक स्टेडियम यांतला फरक खर्चात बघा. मी गृहीत आकडे घेतो, तुम्ही बदलून बघा.

समजा मनपाने १५० कोटींचं कर्ज २० वर्षांसाठी ८ टक्क्यांनी काढलं. वार्षिक हप्ता साधारण १५.२८ कोटी, पहिल्या वर्षी त्यातलं १२ कोटी नुसतं व्याज. देखभाल बांधकाम खर्चाच्या २ टक्के धरली तर ३ कोटी. म्हणजे वर्षाला १८ कोटींच्या पुढे. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) २०२४-२५ ला १३ संघ होते, प्रत्येकाला घरचे सामने १२. एका सामन्यामागे दीड कोटी. आता जमा: प्रत्येक सामन्याला १२,००० प्रेक्षक आणि सरासरी १५० रुपये तिकीट धरलं, तर हंगामाची पूर्ण गल्लाभरणी २.१६ कोटी. क्लबने स्वतःसाठी एक पैसाही न ठेवता सगळी मनपाला दिली, तरी देखभालसुद्धा निघत नाही.

‘शहराची उलाढाल वाढेल’ हा दावा अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञांनी तीसेक वर्षं तपासला आहे आणि अनुदानाएवढा फायदा त्यांना जवळजवळ कुठेच सापडलेला नाही. कारण साधं आहे. कॉलेज रोडवर जेवायला जाणारं कुटुंब त्या संध्याकाळी सामन्याला गेलं, तर शहरातला खर्च वाढत नाही, त्याची जागा बदलते. बाहेरगावचा माणूस मुक्कामी आला तरच नवा पैसा येतो, आणि लीगच्या सामन्याला असे लोक थोडे असतात.

बालेवाडी_ते_गचिबोवली

भारतात धाकाचं रूप वेगळं आहे. इथे क्लब ‘जाईन’ म्हणत नाही, सरळ जातो किंवा बंद पडतो.

एफसी पुणे सिटीचं घर बालेवाडी. २०१९ मध्ये तो क्लब संपला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. हैदराबादने २०२१-२२ ची आयएसएल जिंकली. तरी २०२५ मध्ये तो संघही हैदराबाद सोडून दिल्लीला गेला आणि स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाला. दिल्लीतून त्याआधी २०१९ मध्ये दिल्ली डायनॅमोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला होता, कारण तिथे राज्य सरकार पाठीशी होतं आणि कलिंगा स्टेडियम तयार होतं. विजेतेपदाने संघ शहराला बांधला जात नाही, हे हैदराबादने दाखवलं.

यात पुण्याचं नुकसान तुलनेने कमी झालं, कारण बालेवाडीचं संकुल त्या क्लबसाठी बांधलेलं नव्हतं. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी ते उभं राहिलं आणि क्लब गेल्यावरही वापरात राहिलं. शेजारी गहुंजेला क्रिकेट असोसिएशनने कर्ज काढून बांधलेल्या स्टेडियमचं गणित मात्र नावाच्या हक्कांवर बरंचसं अवलंबून होतं. ठरलेले पैसे पूर्ण आले नाहीत म्हणून २०१३ मध्ये प्रायोजकाचं नाव उतरवावं लागलं, आणि त्याच वर्षी पुणे वॉरियर्स आयपीएलमधून गेले. एकच उद्योगसमूह संघाचा मालकही आणि नावाचा प्रायोजकही असेल, तर दोन्ही उत्पन्नं एकदमच बंद होतात. हा धोका प्रस्तावात वेगळा दाखवायला सांगा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट: लीगच टिकेल का? आयएसएल ज्या करारावर उभी होती तो २०१० चा १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपला, आणि २०२५-२६ चा हंगाम ठरल्या वेळी सुरूच होऊ शकला नाही. लीगचं आयुष्य १५ वर्षांच्या करारावर आणि स्टेडियमचं कर्ज २० वर्षांचं, हे गणित जुळत नाही.

गंगाघाट_४२२

मग क्लबने २० वर्षं नाशिकमध्येच खेळण्याची लेखी हमी दिली तर पुरेल का? आणि मनपा हॉटेल कर वगैरे लावू शकते का?

टिपणी_वाचक

कराचं आधी. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) २०१५ मध्ये बहुतांश बंद झाली, २०१७ पासून जीएसटी. मनपाला विक्रीकर किंवा लास व्हेगाससारखा खोलीभाड्यावरचा कर लावता येत नाही. हाताशी घरपट्टी, पाणीपट्टी, विकास शुल्क आणि शासनाचं जीएसटी भरपाई अनुदान. म्हणजे हप्ता त्याच पिशवीतून जाणार, जिच्यातून गटारं आणि पथदिवे होतात. त्यात २०२७ च्या सिंहस्थाची कामं. पुणे मनपाने २०१७ मध्ये २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्क्यांनी काढले, पण ते पाणीपुरवठ्यासाठी, जिथे पाणीपट्टी येत राहते.

आता हमी. नुसती लेखी हमी कच्ची असते. पहिलं म्हणजे सही कोण करतंय ते बघा. बहुतेकदा क्लबच्या नावाने वेगळी कंपनी असते, तिच्याकडे मालमत्ता काहीच नसते. मूळ समूहाची हमी सोबत घेतलीच पाहिजे. दुसरं, ‘गेलात तर १०० कोटी द्या’ एवढं लिहून भागत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाईच देतं, लिहिलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा. म्हणून तो आकडा कसा काढला, म्हणजे शिल्लक कर्ज अधिक बुडालेलं भाडं, याचा तक्ता कराराला जोडावा. तिसरं, न्यायालय संघाला जबरदस्तीने खेळायला लावेल या भरवशावर राहू नये.

खरी पकड बँक हमीत आहे. ती विनाशर्त आणि मागताच देय हवी, रक्कम शिल्लक कर्जाइतकी, दरवर्षी कर्ज उतरेल तशी कमी होणारी. बँका सहसा वर्षा-दोन वर्षांचीच हमी देतात, म्हणून ‘मुदत संपण्याच्या ३० दिवस आधी नूतनीकरण झालं नाही तर मनपा पूर्ण रक्कम वसूल करेल’ हे वाक्य हमीपत्रात आणि करारात दोन्हीकडे असावं. हे एक वाक्य राहिलं की हमी गुपचूप संपते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

बाकी अटींपैकी तीन सोडू नका. कराराची मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी नको. वाढीव बांधकाम खर्च क्लबचा: बफेलोच्या नव्या स्टेडियमचा अंदाज १४० कोटी डॉलरवरून २०० कोटींच्या वर गेला, पण करारात वाढ संघाच्या माथी होती म्हणून राज्याचे ६० कोटी आणि काउंटीचे २५ कोटी तेवढेच राहिले. आणि ‘इतर स्टेडियमांच्या तोडीचं ठेवू’ असली अट अजिबात नको. सिनसिनाटीच्या काउंटीने नवनवीन सुविधांचा खर्च स्वतःवर घेतला होता, त्याचा बोजा तिच्या अंदाजपत्रकावर वर्षानुवर्षं पडला.

जागेबाबत: महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७९ नुसार मिळकत भाड्याने देताना मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी घेता येत नाही. ‘एक रुपया वार्षिक भाडं’ असं टिपणीत दिसलं तर तिथेच हरकत घ्या. आरक्षण खेळाच्या मैदानाचं असेल आणि त्यावर दुकानं, हॉटेल येणार असेल, तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदल लागतो आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात बारीक अक्षरात येते, त्यावर लक्ष ठेवा.

डावा_विंगर

मग माझा पर्याय. गोल्फ क्लबच्या अनंत कान्हेरे मैदानावर रणजीचे सामने होतात, ते मैदान कुठल्या एका संघासाठी राखून ठेवलेलं नाही. फुटबॉललाही तसंच करा. १०५ बाय ६८ मीटरचं मैदान, खाली खडी-वाळूचा निचरा थर, एका बाजूला चार-पाच हजारांचा गॅलरी स्टँड, चार दिव्यांचे खांब. उरलेल्या तीन बाजूंना पाया आणि जागा मोकळी सोडा. क्लब आला तर ते स्टँड त्याने स्वतःच्या पैशाने उभारावेत, गेला तर ते मनपाचे. इतर दिवशी शाळा, कॉलेज, जिल्हा लीग. पण हिरवळीला पावसाळ्यात आणि हंगामानंतर विश्रांती लागते. रोज आठ तास खेळ झाला तर दोन महिन्यांत गोलपोस्टसमोर माती उरते. म्हणून सरावाला शेजारी दुसरं मैदान धरूनच जागा मोजा.

गंगाघाट_४२२

हे पटलं. प्रस्ताव आलाच तर कागद कधी आणि कसे मागायचे?

टिपणी_वाचक

विषय स्थायी समिती किंवा महासभेच्या विषयपत्रिकेवर येईपर्यंत थांबू नका, तोपर्यंत अटी ठरून गेलेल्या असतात. सल्लागार नेमण्याची निविदा निघाली की लगेच राजीव गांधी भवनात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराला ३० दिवस. मागायचे कागद नाव घेऊन लिहा: व्यवहार्यता अहवाल, त्यातले प्रेक्षकसंख्या आणि भाड्याचे गृहीतक, कराराचा मसुदा, कर्जफेडीचा वर्षनिहाय तक्ता, लेखा विभागाचा अभिप्राय. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं तर ‘माहिती व्यापक स्वरूपाची आहे’ म्हणून अर्ज परत येतो. लेखा विभागाचा अभिप्राय आधी वाचा. नकारार्थी शेरा असेल तर तो तिथेच सापडतो, आणि मुख्य टिपणीत बहुतेकदा त्याचा उल्लेखही नसतो.