‘मेगालोपोलिस’: गल्ला बाजूला ठेवून बघा

‘मेगालोपोलिस’ या सिनेमाचा गल्ला बुडाला म्हणजे तो फसला, असं म्हणतात; ते पटत नाही. दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोलाने वाइनच्या धंद्यातला हिस्सा विकून सुमारे 12 कोटी डॉलर घातले, तिकीटबारीवर दीड कोटीही जमले नाहीत. तो त्याचा हिशेब.

खरी गोम पटकथेत आहे. नायक सीझर हा वास्तुविशारद; तो वेळ थांबवतो, हे सुरुवातीलाच उंच इमारतीच्या कडेवर दिसतं. ती शक्ती पुढे हरवते, परत येते, पण तिच्यावाचून कथेचं काहीच अडत नाही! सीझर ज्यातून नवी नगरी उभारतो त्या मेगालॉन नावाच्या काल्पनिक पदार्थाचंही तेच. पदार्थ चमकतो, पण ती नगरी चालते कशी ते कळत नाही. पडद्याचे तीन भाग होतात ती दृश्यं मात्र जमलीत. मोबाइलवर बघून मत देऊ नका. आणि 2024 च्या कान चित्रपट महोत्सवात एक माणूस पडद्यासमोर माइकवर येऊन सीझरला प्रश्न विचारतो, तो प्रयोग बहुतेक थिएटरांत नव्हताच.