वजन कमी नाही, जागा चुकली आहे

तुम्ही लिहिलंय की वेकसर्फिंगसाठी (बोटीमागे उठणाऱ्या लाटेवर, दोर सोडून बोर्डवर उभं राहायचा खेळ) बोटीत वजनासाठी ठेवलेल्या बॅगांमधलं सगळं पाणी, ज्या बाजूच्या लाटेवर सर्फ करता त्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यात भरलंय, लाट उंच उठते, पण दोर सोडला की लगेच बोर्ड मागे पडतो. मला वाटतं वजन पुरेसं आहे, फक्त सगळं एकाच जागी साचलंय. मागचं वजन लाटेला उंची देतं, पुढचं लांबी देतं, आणि दोराविना टिकायचं तर लांबीच हवी. बोटीच्या पुढच्या बॅगेत १५० लिटर पाणी, म्हणजे १५० किलो, भरून बघा. मग ५०-५० ने वाढवा. वेग ताशी १७-१८ किलोमीटरवर कायम ठेवा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणारच नाही.

बॅग भरत आली की वरचं झाकण थोडं सैल करून हवा काढून टाका. आत हवा राहिली तर वळणावर पाणी डचमळतं आणि बोट उगाच झुकते. इम्पेलरवाला (रबरी पात्यांच्या चाकाने पाणी ढकलणारा) पंप असेल तर बॅग रिकामी होताच बंद करा. कोरडा फिरला की रबराची पाती बघता बघता जातात.

आणि एक, कृपा करून हे टाळू नका: बोटीवरच्या क्षमतेच्या पाटीवरचा आकडा बघा. त्यात माणसंही धरायची. आमच्याकडे एकदा सगळे मागच्या बाकावर बसले आणि थांबताना आमचीच लाट मागून आत आली. पाणी घोट्यापर्यंत, बिल्ज पंप (बोटीच्या तळातलं पाणी बाहेर टाकणारा) सुरू, आणि आधी रिकामी केली ती मागची बॅग.