जुनी लष्करी विमाने: उडवावीत की उभी ठेवावीत?

घोडबंदरकर: नवी मुंबईचा विमानतळ झाल्यापासून त्याच्या आसपास एखादे विमान संग्रहालयही असावे, अशी इच्छा आपल्याकडे अनेकजण बोलून दाखवतात. इच्छा रास्त आहे. मात्र "जुनी विमाने नुसती उभी करून काय उपयोग, ती उडवून दाखवा" हा त्यामागचा आग्रह मला मान्य नाही. पहिल्या महायुद्धातले विमान म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर शिवलेले लिननचे कापड आणि ते ताठ बसावे म्हणून दिलेले रोगणाचे हात. ते पुन्हा उडवायचे, तर कापड जातेच, बरेचसे लाकूडही जाते. बिकानेरच्या जुनागड किल्ल्यातल्या हत्तीखान्यात पडून राहिलेल्या डीएच-9 बॉम्बफेकी विमानांची गोष्ट बोलकी आहे. महायुद्धानंतर ब्रिटनने दिलेली ही विमाने वाळवीने पोखरली होती. पुढे ती इंग्लंडला गेली आणि त्यांपैकी एक डक्सफर्डच्या संग्रहालयात उभे राहिले, तर दुसऱ्याने 2019 मध्ये प्रत्यक्ष आकाशात झेप घेतली. त्या उडालेल्या विमानाला उत्तम प्रतिकृती म्हणा, माझी हरकत नाही. अस्सल म्हणू नका.

वाशीची वाचक: वाळवीने दोन्ही विमाने खाल्ली होती, हे आपणच लिहिले आहे. मग उभ्या असलेल्या विमानाचे लाकूड काय आपोआप भरून आले? अस्सलपणाची ही कसोटी लावली, तर राइट बंधूंचे 1903 चे विमानही बाद होईल. संग्रहालयात ठेवलेल्या त्या विमानाचे कापड 1985 मध्ये संपूर्ण बदलले गेले. शिवाय यंत्र समजते ते चालताना. त्या काळच्या सॉपविथ कॅमलसारख्या विमानांत पंख्याबरोबर इंजिनाची सगळी नळकांडीच गरगर फिरत, वंगण म्हणून एरंडेल वापरत आणि ते बाहेर पडून वैमानिकाच्या तोंडावर उडत असे. काचेपलीकडचा फलक हे कितीही चांगल्या भाषेत सांगो, इंजिन सुरू झाल्यावर येणारा वास आणि हादरा त्यात येत नाही. इंग्लंडमधल्या ओल्ड वॉर्डन येथील शटलवर्थ संग्रहात अशी विमाने उडती ठेवतात, म्हणून तर ती जुळवणारे, शिवणारे, दुरुस्त करणारे हात अजून शिल्लक आहेत.

कळव्याचा खाडीकाठ: आपण दोघे छप्पर गृहीत धरून भांडत आहात. आपल्याकडे विमान म्हणजे चौकात किंवा बागेत चौथऱ्यावर बसवायची वस्तू, आणि खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात चार पावसाळे गेले की नुसता रंगाचा हात द्यायचा. धातूचे जेट हे काही वर्षे सोसेल. कापडी विमानाचा एका पावसात चिखल होईल. जुन्या विक्रांत या विमानवाहू नौकेचे काय झाले, हेही आठवावे. 2001 मध्ये ती संग्रहालय झाली, 2012 मध्ये बंद पडली आणि पुढे भंगारात निघाली. आधी हवेतला ओलावा काबूत ठेवणारी इमारत आणि तिचा दर वर्षाचा खर्च यांची सोय व्हावी, मगच विमान आणावे.

घोडबंदरकर: छपराचा मुद्दा बिनतोड आहे आणि तो माझ्याच बाजूचा आहे. वाशीच्या ताईंना एवढेच विचारतो: भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी 1 एप्रिल 1933 रोजी ज्या वापिती विमानांवर उभी राहिली, त्यांपैकी जगात उरलेले एकमेव विमान दिल्लीत पालमच्या संग्रहालयात आहे. तेही आपण उडवाल का? 2022 मध्ये अमेरिकेत डॅलस येथील हवाई प्रदर्शनात दुसऱ्या महायुद्धातली दोन विमाने एकमेकांवर आदळली. सहा माणसे गेली, विमानेही गेली.

वाशीची वाचक: एकमेव असेल, तर नाही उडवणार. पण डीएच-9 एकच नव्हते, आणि दोन सांगाड्यांपैकी एक जमिनीवर ठेवून दुसरे उडवणे, ही मला तरी सर्वांत शहाणपणाची वाटणी वाटते. वापितीची मोजमापे घेऊन तिची उडती प्रतिकृती करावी, आणि त्या कामाची कार्यशाळा संग्रहालयात लोकांसमोर खुली ठेवावी. त्यालाही आपला विरोध आहे का?

घोडबंदरकर: प्रतिकृतीला नाही. फलकावर "प्रतिकृती" हा शब्द मात्र मोठ्या अक्षरांत हवा.