करारात ‘आधी समेट, मग लवाद’ असं कलम आहे. समेट म्हणजे नक्की काय?

करारकोडं: माल पुरवठ्याच्या करारात असं कलम आहे: ‘वाद उद्भवल्यास प्रथम समेटाचा प्रयत्न करावा, तो निष्फळ ठरल्यास लवादाकडे जावे.’ लवाद कळतो. पण समेट म्हणजे मध्यस्थीच का? समेट घडवणारा जे सांगेल ते पाळावंच लागतं का? आणि तिथे काही कबूल केलं तर पुढे तेच आपल्या अंगावर येणार नाही ना?

तिसरीबाजू: बंधनकारक नाही. लवाद निवाडा देतो, समेटकर्ता फक्त तोडगा सुचवतो. दोघांनी सही केली तरच त्याला अर्थ.

मध्यस्थीशी त्याची सीमा पुसट आहे. पारंपरिक फरक असा की मध्यस्थ दोघांना बोलतं करतो आणि उत्तर त्यांच्याच तोंडून येऊ देतो. समेटकर्ता एक पाऊल पुढे जाऊन अटी स्वतः कागदावर मांडतो. समजा ५०० पंप आले, त्यातले ८० गळके निघाले आणि खरेदीदाराने सगळंच बिल अडवून धरलं. मध्यस्थ विचारेल, ‘उरलेल्या ४२० बद्दल तुमची तक्रार आहे का?’ समेटकर्ता तेवढ्यावर थांबणार नाही. तो लिहून देईल: ४२० पंपांचे पैसे १५ दिवसांत, ८० पंप ३० दिवसांत बदलून, व्याज कोणीच मागायचं नाही. मग दोघांचे आक्षेप घेऊन तोच मसुदा पुन्हा लिहील. पण हा फरक सगळीकडे पाळला जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने, म्हणजे अन्सिट्रलने, २००२ च्या आदर्श कायद्यात ‘समेट’ हा शब्द वापरला आणि २०१८ च्या सुधारणेत त्याच प्रक्रियेला ‘मध्यस्थी’ म्हटलं. त्यामुळे नावावर जाऊ नका, कलमात कोणते नियम लावलेत ते बघा.

कबुलीचं म्हणाल तर अन्सिट्रलच्या १९८० च्या समेट नियमांत स्पष्ट आहे: समेटात मांडलेली मतं, दिलेल्या कबुल्या, समेटकर्त्याचे प्रस्ताव, एवढंच काय, एखादा प्रस्ताव मान्य करायची तयारी दाखवली ही गोष्टसुद्धा पुढे लवादात किंवा कोर्टात पुरावा म्हणून वापरायची नाही. समेटकर्त्याला त्याच वादात पुढे लवाद किंवा कोणाचा वकील होता येत नाही (दोघांचीही संमती असेल तर वेगळं), आणि त्याला साक्षीलाही बोलवायचं नाही.

कागदपक्का: वरच्या उत्तरात एक खाचखळगा राहिला, आणि बहुतेक जण तिथेच ठेचकाळतात. समेटकर्ता दोघांना वेगवेगळंही भेटतो. त्या १९८० च्या नियमांप्रमाणे वादासंबंधी एकाने सांगितलेल्या माहितीचा गाभा तो दुसऱ्यापर्यंत पोचवतो, म्हणजे त्याला खुलासा करता यावा. ‘हे गुप्त ठेवा’ अशी अट घालून सांगितलं तरच ते त्याच्यापाशी राहतं. म्हणून ‘आम्ही फार तर अमुक टक्के सोडू’ हे वाक्य उच्चारायच्या आधी अट घाला, नंतर नाही.

दुसरं, पुरावा चालत नाही म्हणजे कागद नाहीसा होत नाही. मूळ चलन किंवा तपासणी अहवाल समेटात दाखवला म्हणून तो पुढे वापरता येणार नाही, असं कोणी समजू नये. संरक्षण बोलण्याला आणि प्रस्तावांना आहे.

बैठकीला येणाऱ्याकडे जागेवर सही करायचा अधिकार हवा. ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणणारा माणूस पाठवला तर सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

पुणेरीपाटी: भाषेचा मुद्दा. तडजोड हे फळ, समेट ही तिथवर जायची प्रक्रिया. आणि मांडवली ती नव्हे! मांडवलीत दबाव असतो आणि कागद नसतो. इथे दोन्ही उलट.

तिसरीबाजू: कागदावरून आठवलं. समेटपत्रात ‘थकीत रक्कम लवकरात लवकर द्यावी’ असलं वाक्य म्हणजे पुढच्या भांडणाचं बियाणं. रक्कम, तारीख, कोणत्या खात्यात, हप्ता चुकला तर काय, आणि कोणकोणते दावे संपले, हे पाचही लिहा. तोंडी ‘ठरलं’ म्हणून उठू नका, मसुदा त्याच बैठकीत सहीला ठेवा.

नकाशेवाला: समेट नेहमी राजीखुशीनेच सुरू होतो असं वाटू शकतं, म्हणून एक अपवाद. संयुक्त राष्ट्रांच्या समुद्र कायद्याच्या करारात (देशादेशांतला करार) काही वादांसाठी सक्तीच्या समेटाची तरतूद आहे. २०१६ मध्ये पूर्व तिमोरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध सागरी सीमेसाठी ती पहिल्यांदा वापरली. ऑस्ट्रेलियाने त्यासाठी नेमलेल्या समेट आयोगाच्या अधिकारावरच हरकत घेतली, ती फेटाळली गेली. पाच जणांच्या त्या आयोगालाही निवाडा लादायचा अधिकार नव्हता, तरी मार्च २०१८ मध्ये दोन्ही देशांनी सीमेचा तह केला. सक्ती टेबलावर येण्याची होती, सही करण्याची नाही.

करारकोडं: आभार. आता व्यवहाराचं: आम्ही समेटाचं पत्र पाठवलं आणि समोरच्याने उत्तरच दिलं नाही तर? तोवर दावा मुदतबाह्य झाला तर?

कागदपक्का: पत्र लेखी हवं, वादाचा विषय थोडक्यात लिहिलेला हवा. अन्सिट्रलच्या त्याच १९८० च्या नियमांप्रमाणे पाठवल्यापासून ३० दिवसांत, किंवा पत्रात तुम्ही दिलेल्या मुदतीत, उत्तर आलं नाही तर तो नकार धरता येतो. तसं धरल्याचं मात्र समोरच्याला कळवायचं. लवादाकडे जाताना पत्र पोचल्याची पावती सोबत जोडा, नाहीतर ‘समेटाची पायरी गाळली’ ही पहिली हरकत येईल.

मुदतीचं म्हणाल तर समेट चालू असताना लवाद किंवा दावा सुरू करायचा नाही असा नियम आहे, पण हक्क वाचवण्यासाठी तो करणं गरजेचं वाटलं तर मुभा आहे. समेटामुळे मुदतीचं घड्याळ थांबतं का, हे ज्या कायद्याखाली तुमचा दावा येतो त्यावर ठरतं. शेवटची तारीख आधी काढून ठेवा, मग पत्र लिहा.