अंड्यांवरच्या कोंबड्यांना सोयापेंडीऐवजी अझोला किंवा जलपर्णी चालेल का?

प्रश्न (सिन्नर तालुका)
आमच्याकडे अंड्यांवरच्या 200 कोंबड्या आहेत. मका, सोयापेंड, शिंपला आणि खनिज मिश्रण एकत्र करून खाद्य घरीच तयार करतो. परंतु पेंडीच्या दरामुळे हिशेब जमेनासा झाला आहे. गोदावरीवर साचणारी जलपर्णी फुकट मिळते आणि अझोल्यात (पाण्यावर तरंगणारे छोटे नेचे) 25 टक्के प्रथिने असतात, असे सगळीकडे सांगितले जाते. यांपैकी कशाच्या आधारे पेंड पूर्णपणे बंद करता येईल?

उत्तर (निफाड)
पूर्णपणे नाही. ते 25 टक्के वाळलेल्या अझोल्याचे आहेत, आणि अझोल्याचे बेणे विकणारे नेमके हेच सांगत नाहीत. ताज्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. एक किलो वाळवल्यावर हाती साधारण 60 ग्रॅम पाला येतो व त्यात जेमतेम 15 ग्रॅम प्रथिने असतात. किलोभर सोयापेंडीत ती सुमारे 450 ग्रॅम असतात, म्हणजे तेवढ्यासाठी 30 किलो ताजा अझोला लागेल. एवढे पाणी पोटात गेल्यावर पक्षी दाणा कमी खातो आणि अंडी घटतात.

आपल्या कोंबड्यांना दररोज साधारण 22 किलो खाद्य लागत असेल. त्यातील केवळ 5 टक्के अझोला ठेवायचा म्हटला, तरी तो वाळलेला 1.1 किलो, म्हणजे ताजा सुमारे 18 किलो होतो. प्रति चौरस मीटर दिवसाला 200 ग्रॅम उत्पादन धरल्यास 90 चौरस मीटर वाफे हवेत. आपण सिन्नरच्या पूर्व पट्ट्यात असाल, तर उन्हाळ्यात त्या वाफ्यांना पाणी कोठून आणणार, हे आधी ठरवावे.

उत्तर (नाशिक)
नदीतील जलपर्णीचा विचार सोडून द्यावा. ती सांडपाण्यातील शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू मुळांवाटे शोषून घेते, आणि तेच पुढे अंड्यात उतरण्याचा धोका असतो. शिवाय तिच्यात तंतू फार असल्याने कोंबडीला ती नीट पचत नाही. पाणवनस्पतीच हवी असेल, तर स्वच्छ पाण्यात वाढवलेले डकवीड (पाण्यावर तरंगणारी अगदी बारीक पानांची वनस्पती) पाहावे. चांगले खत मिळाल्यास त्याच्या कोरड्या पाल्यात 30 टक्क्यांहूनही अधिक प्रथिने भरतात. सांडपाण्यावर तरंगणारे मात्र उचलू नये.

प्रश्नकर्ता
हिशेब पटला. मग पेंड तशीच ठेवून थोडा अझोला द्यावा का?

उत्तर (निफाड)
जरूर द्यावा. वाफ्यात खत म्हणून घातलेल्या शेणाचा वास जाईपर्यंत दोन-तीन पाण्यांनी धुऊन, निथळून, सकाळचे खाद्य संपल्यावर मूठमूठ टाकावा. बलकाचा रंग गडद होतो आणि गिऱ्हाईक तो पाहूनच अंडी मागते. पेंडीत थोडी कपात केली, तर मिथिओनिन (प्रथिनांतील एक आवश्यक अमिनो आम्ल) वेगळे मिसळावे, कारण ते अझोल्यातही कमीच असते. वाफ्यात 10 ते 15 सेंटिमीटर पाणी ठेवावे व अधूनमधून थोडे सुपर फॉस्फेट द्यावे. नत्राची फारशी गरज नसते, कारण पानांत राहणारे नीलहरित शेवाळ हवेतील नत्र स्थिर करते. पारा 35 अंशांपुढे गेला की वाढ खुंटते, म्हणून मार्चपासूनच वर शेडनेट असावे आणि थोडे बेणे झाडाखालच्या टाकीत वेगळे राखून ठेवावे.